मला न घाबरणारा एक माणूस

"डॉक्टरसाहेब, एक काम होतं. तुम्ही मला बरीच वर्षं ओळखता, म्हणून आले."

एवढंच म्हणाले मी. डॉक्टर परांडेकरांनी पेशंटच्या तोंडातलं थर्मामीटर काढलं आणि न बघताच झटकलं.

"कोण म्हणतं ओळखतो?"

"मी हेमा. शेट्यांची. स्टँडमागच्या एसटीडी बूथवर बसते ती."

"ते माहीत आहे मला." त्यांनी पेशंटला बाहेर बसायला सांगितलं. ताप किती आहे, असं पेशंटनं विचारलं. "आहे तेवढाच आहे, बाहेर बस," असं म्हणून डॉक्टरांनी दार लोटलं आणि माझ्यासमोर बसले. "बोल. काय पाहिजे तुला?"

"तुमचे दोन चांगले शब्द."

"आणि नाही दिले तर?"

"तर माझी नोकरी जाईल."

"मग तू काय करशील?"

"काय करणार? बूथवरच बसेन. जन्मभर. जे कानावर येईल ते ऐकत."

मी हे फार दुःखानं म्हणाले होते. डॉक्टरांनी ते दुःखानं घेतलं नाही. रुमाल काढून कपाळ पुसलं आणि आवाज खाली आणायचा म्हणून उलट चढवला. "हे बघ हेमा. सोलापूरला मी फोन करतो तो मला येत नाही म्हणून नाही. औषध देण्याआधी दुसऱ्याचं मत घ्यावं हे पुस्तकातच लिहिलंय. आणि घरून करत नाही, कारण घरच्या फोनला खरखर आहे."

"डॉक्टरसाहेब, मी त्याबद्दल कुठं काय म्हणाले?"

"नाही म्हणालीस. तेच तर. कुठं सही करू?"

मी बाहेर आले तेव्हा बाकावरचा पेशंट निघून गेला होता. डॉक्टरांचं गुपित मी फोडलेलं नाही. त्यांनी स्वतःच, दाराबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, म्हणून इथं लिहिते आहे. या गोष्टीत ज्याचं जे येईल ते त्याच्याच तोंडून येईल. माझ्याकडून काही मिळणार नाही.

बार्शीत तेव्हा घरोघरी फोन नव्हते आणि ज्यांच्या घरी होते त्यांच्या घरी माणसंही होती. त्यामुळे खाजगी बोलायचं म्हणजे आमच्या बूथवर यायचं. बूथ मामांचा. वडील गेल्यावर आईला आणि मला मामांनी घरात घेतलं आणि मला बूथवर बसवलं. काचेची केबिन, आत फोन, भिंतीवर मीटरचे लाल आकडे. माणूस केबिनचं दार घट्ट लावून घ्यायचा आणि मग पुण्याला असं बोलायचा की फोन नसता तरी पुण्याला ऐकू गेलं असतं. माझं टेबल त्या काचेला लागून, त्यावर बाहेरून येणाऱ्या फोनसाठी दुसरा फोन. कान कुठं ठेवू?

कान बंद करता येईना, म्हणून मी त्यांना कामाला लावलं. जुन्या बाजारातून लघुलेखनाचं पुस्तक आणलं होतं. रेडिओच्या मराठी बातम्यांवर शिकले, पण हाताला वेग आला तो बूथवर. केबिनमधला माणूस बोलायला लागला की मी टेबलाखाली, मांडीवर, बोटानं उतरवून घ्यायची. कागदावर कधीच नाही. साडीवर रेघ उमटत नाही आणि माणूस उठून जायच्या आत माझं बोटही विसरून जायचं. भांडणारी माणसं फार भरभर बोलतात. माझा वेग भांडणांवर तयार झाला आहे.

त्या वेगावर मी एका सरकारी खात्याची परीक्षा दिली आणि पास झाले. खातं कोणतं ते तेव्हा सांगितलं नव्हतं आणि आज त्याच खात्यात केस पांढरे झाले तरी सांगत नाही. तिथले कागद बाहेर जात नाहीत, त्यामुळे तिथं जाणारी माणसंही तपासून घेतात. नात्यात नसलेल्या दोन प्रतिष्ठित माणसांची नावं द्यायची होती. ती माणसं आपल्याला जवळून ओळखणारी हवीत. मग मुंबईहून एक अधिकारी येऊन त्यांना भेटणार, आणि त्याचं समाधान झालं तर नोकरी. नाही झालं तर यादीत माझ्या खालचा कुणीतरी टपून बसलेला होताच. मला काचेच्या त्या पेटीशेजारून उठायचं होतं. दुसरी वाट दिसत नव्हती.

दुसरं नाव कुंभोजकर सरांचं. निवृत्त मुख्याध्यापक. जुगार, दारू आणि सिनेमा यांच्याविरुद्ध त्यांनी निम्म्या तालुक्यात भाषणं केलेली. मी गेले तेव्हा ते ओट्यावर बसले होते आणि त्यांच्या बाई शेंगा फोडत होत्या.

"सर, माझ्याबद्दल चौकशी होणार आहे. माणूस येईल तुमच्याकडं."

"चौकशी? कसली?" सर उभेच राहिले. "हे बघ, फोनवर निकाल मी एका मित्रासाठी विचारतो."

"कसले निकाल?" बाईंनी विचारलं.

"दहावीचे."

"डिसेंबरात?"

"फेरपरीक्षेचे," सर म्हणाले आणि मला फाटकापर्यंत सोडायला आले. सरांनी त्याआधी कुणाला फाटकापर्यंत सोडल्याचं गावात कुणाला आठवत नाही. "नाव दे माझं," ते हळूच म्हणाले. "असं बोलतो की बघत राहशील. फक्त तू काही बोलू नकोस."

"मी कधी बोललेय सर?"

"तसं नाही गं," सर म्हणाले. "पण बोलशील की काय, असं वाटत राहतं."

त्या दिवशी परत येताना मला पहिल्यांदा कळलं की लोक मला रस्त्यात इतक्या अदबीनं वाट का देतात. मी समजत होते, बिनबापाची मुलगी म्हणून देत असतील.

बूथवर पुतळाकाकू बसल्याच होत्या. बाहेर पत्र्याच्या सावलीत एक बाकडं होतं, ते फोनची वाट बघणाऱ्यांसाठी असलं तरी खरं म्हणजे पुतळाकाकूंचं होतं. आमच्या गल्लीतच राहायच्या. गावातली कुठलीही बातमी त्यांच्या कानात शिरली की दुपारपर्यंत बाजार समितीत पोचायची.

"काय गं हेमे, कुठं गेलतीस? डॉक्टरकडं गेलतीस म्हणं. काय झालंय तुला?"

"काही नाही काकू."

"मग त्याला काय झालंय?"

"ऊन फार आहे ना काकू."

हे माझं ठरलेलं उत्तर. काकूंनी कुणाबद्दलही विचारलं की मला ऊन लागायचं. काकू चिडायच्या, घुमी म्हणायच्या, दगड म्हणायच्या. मग स्वतःच्या दुखण्यावर यायच्या. "गुडघा बरा हाय आता. जेवण बी जातंय. हे आपलं तुला सांगितलं." माझ्या गुडघ्यांची त्यांनी कधी चौकशी केली नाही, आपल्या गुडघ्याची बातमी मात्र न चुकता देऊन जायच्या. मागे एकदा मी त्यांना रुईचं पान गरम करून बांधा म्हणाले होते. त्या दिवशी काकू माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या आणि काहीच न बोलता उठून गेल्या. माझा सल्ला आवडला नसेल, असं मी धरून चालले.

अधिकारी आले ते साधा शर्ट घालून, स्टँडवर उतरून, रिक्षावाल्याला हळूच पत्ता विचारून. ते डॉक्टरांकडं पोचायच्या आत दवाखान्यात त्यांच्यासाठी खुर्ची पुसून ठेवलेली होती. नाव कुडाळकर. संध्याकाळी बूथवर आले, ओळखपत्र दाखवलं आणि माझ्यासमोर बसले. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, पण सुपारी मात्र जरा जोरानं चावत होते.

"हेमलताबाई, मी ही चौकशी पुष्कळ वर्षं करतोय. पण असं गाव पाहिलं नाही."

"काय झालं साहेब?"

"डॉक्टर म्हणाले, फार चांगली मुलगी. मी म्हणालो, कुठं भेटता? म्हणाले, भेटत नाही. बूथवर जाता का? म्हणाले, कधीच नाही, घरी फोन आहे. मग ओळखता कसे? तर म्हणाले, ओळखत नाही." त्यांनी सुपारी गालात सरकवली. "दुसरे तुमचे सर. ते तासभर बोलले. मुलगी म्हणजे गंगेचं पाणी. तिला कुणाबद्दल काहीही माहीत नाही. माझ्याबद्दल तर अजिबात नाही. हे तीनदा म्हणाले. आणि थंडीत घाम पुसत होते."

मी मीटरच्या लाल आकड्यांकडं बघितलं.

"तुम्ही यांना काय धाक घातलाय?"

"काही नाही साहेब. मी फक्त दोन शब्द मागितले."

"तेच म्हणतो मी. एक माणूस दोन शब्द मागतो आणि समोरच्याला घाम फुटतो. आमच्याकडं असा माणूस घेता येत नाही. दुसऱ्याचं गुपित राखणं वेगळं आणि ते उशाशी घेऊन बसणं वेगळं." ते उठले. "मी उद्या सकाळच्या गाडीनं जाणार. तोवर मला या गावात एक माणूस दाखवा, जो तुम्हाला घाबरत नाही. एक पुरे. प्रतिष्ठित नसला तरी चालेल."

घरी आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती.

"मी नाही घाबरत तुला," आई म्हणाली.

"तू नात्यातली. चालत नाही."

"मग मामाला सांग."

"तेही नात्यातले. शिवाय ते घाबरतात."

आईनं भाकरी उलटली. "हो, ते आहे," म्हणाली.

मी जेवताना सगळी बार्शी डोळ्यांखालून घातली. नगरसेवक, वकील, औषधाचे दुकानदार, देवळातले पुजारी. सगळे केबिनमध्ये येऊन गेलेले. उरल्या पुतळाकाकू. त्या मला घाबरत नव्हत्या हे खरं, पण मला दगड म्हणणारीला मी शिफारशीला कसं उभं करणार? बोलायला लागल्या की थांबत नाहीत, आणि माझ्याबद्दल चांगलं असं त्यांच्याकडं होतंच काय?

सकाळी मी बूथ उघडला तेव्हा उत्तर हातात नव्हतं. निदान केबिन तरी पुसावी म्हणून फडकं घेऊन आत शिरले आणि दार ओढून घेतलं. तेवढ्यात बाहेर बाकड्यावर कोणीतरी बसल्याचा आवाज आला.

"मावशी, या बूथवरच्या मुलीला ओळखता का?" कुडाळकरांचा आवाज.

इतकी वर्षं मी बाहेर बसून आतलं ऐकत होते. आत उभं राहिलं की बाहेरचंही तितकंच ऐकू येतं, हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर येणं शक्य नव्हतं. पुसलेलीच काच पुसत राहिले.

"हिला?" पुतळाकाकू म्हणाल्या. "ओळखती म्हणून तर जीव जळतोय."

संपलं, मी मनात म्हणाले.

"का? वागायला बरी नाही?"

"वागायला बरी हाय. बोलायला न्हाई. सारं गाव हितं येऊन बोलून जातंय. मी रोज हितं बसती. एक गोष्ट, एक, हिनं मला कधी सांगितली असंल तर शपथ. तो डॉक्टर येतो तोंड लपवून, ते सर येतात. मी विचारती, काय म्हणत हुते गं? ही म्हणती, काकू, ऊन फार आहे. हिवाळ्यात बी हिला ऊनच."

"तुम्हाला तिची भीती नाही वाटत?"

"हिची? कशापायी? भ्यायला ती काय सांगती का कुणाला?"

कुडाळकर जरा हसल्यासारखे वाटले. काकू थांबल्या असत्या तर तिथंच सगळं झालं असतं. पण काकू थांबल्या नाहीत. आवाज मात्र उतरला.

"परक्याचं सोडा साहेब. माझ्या घरचं बी सांगत न्हाई. माझी जयमाला, माझी पोरगी, वडलाच्या मनाविरुद्ध लगीन करून सुरतेला गेली. आमच्या ह्यांनी घरात तिचं नाव काढायची बंदी केली. तिचा कागद आला, फोन आला, तर तू बी तिकडंच जा म्हणाले. ती हितं फोन करती. दर गुरुवारी. हिला विचारती, आई कशी हाय."

माझ्या हातातलं फडकं थांबलं.

"या मुलीनं सांगितलं तुम्हाला?"

"हिनं सांगितलं असतं तर मी तुमच्यापुढं रडले असते का? मला कळलं ते रुईच्या पानावरनं. ही एकदा म्हणाली, काकू, गुडघ्याला रुईचं पान गरम करून बांधा, पण आधी एरंडेल लावा. ते माझ्या आजीचं औषध. मी आमच्या पोरीबिगर कुणाला सांगितलेलं न्हाई. मग हिला कुठनं ठावं?"

"मग तुम्ही तिला विचारलं नाहीत?"

"न्हाई."

"का?"

काकू कुजबुजायला लागल्या. काकू आणि कुजबुज, हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

"पोरीनं हिला शपथ घातली असणार, आईला सांगू नको म्हणून. का घातली ते बी मला कळतंय. माझ्या पोटात काही राहत न्हाई, हे सगळ्या बार्शीला ठावं हाय. मला कळलं तर ते कवातरी ह्यांच्या कानावर जाणार, मग फोन बंद. म्हणून मी कळलंच न्हाई असं केलं. चार वर्सं झाली. येती, हिथं बसती, हिला माझं सांगती. ही तिकडं सांगती. गुडघा बरा हाय म्हणती. बरा कसला, पायरी चढवत न्हाई."

"मग आज मला का सांगितलंत मावशी?"

"तुम्ही आलाय ते हिच्या पोटात राहतं का न्हाई ते बघायला. सगळ्या गावाला ठावं हाय. मग खरं सांगायला नको? ही गेली की माझा गुरुवार जाणार, ते बी कळतंय. तरी लिहून घ्या. राहतं."

मी केबिनचं दार उघडलं तेव्हा कुडाळकर बाकड्यावरून उठून समोरच उभे होते. काकू पदर सावरत दुसरीकडं बघत होत्या.

"हेमलताबाई," ते सरकारी आवाजात म्हणाले, "या मावशी म्हणतात, त्यांच्या मुलीचा इथं फोन येतो. खरं आहे का?"

काकूंनी मान वळवली. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला न विचारता विचारलं होतं. मी एक शब्द म्हणाले असते तर त्यांचा चेहरा कसा झाला असता ते मला दिसत होतं. आणि सुरतेहून दर गुरुवारी येणारा, हेमाताई, तुम्हाला माझी शपथ आहे, असं म्हणणारा आवाजही ऐकू येत होता.

"कुणाचा फोन येतो ते मी सांगत नाही साहेब."

"मी सरकारचा माणूस आहे."

"मग सरकारचा तसा कागद आणा."

"नोकरी तुमची आहे. मी विचारतोय."

"ऊन फार आहे साहेब," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

कुडाळकरांनी माझ्याकडं बघितलं, मग काकूंकडं, मग पिशवीची चेन ओढली. "झालं माझं," म्हणाले आणि स्टँडकडं चालायला लागले.

"बघा, म्हणलं नव्हतं?" काकू त्यांच्या पाठीकडं बघून म्हणाल्या. "दगड हाय नुसती."

नेमणुकीचा कागद संक्रांतीच्या आधी आला. डॉक्टरांनी पेढे वाटले, म्हणजे मी वाटण्याआधीच त्यांनी वाटले. मी गाव सोडणार या आनंदात सरांनी माझा सत्कारही केला आणि भाषणात वाणीवर संयम हा विषय घेतला. पुतळाकाकूंनी मला तिळगूळ दिला आणि गोड बोल म्हणाल्या नाहीत, नुसतं बोल म्हणाल्या.

माझ्यामागं बूथवर मामा बसणार होते. मामांना तात्या, म्हणजे काकूंचे यजमान, रोज पानाच्या गादीवर भेटायचे. जयमालाला मी हे सांगायचं ठरवलं होतं, की ताई, पुढच्या आठवड्यापासून इथं फोन करू नका.

शेवटचा गुरुवार. काकू शाल पांघरून बाकड्यावर बसल्या होत्या आणि रस्त्याकडं बघत होत्या. फोन वाजला. मी उचलला.

"हेमाताई, आई कशी आहे?"

जे सांगायचं ठरवलं होतं ते तोंडात आलं. ते मी गिळलं.

"जरा धरून ठेवा हं," मी म्हणाले. रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला, तोंड बाहेरच्या बाजूला करून. पायात चप्पल घातली.

"काकू, मी जरा चहा पिऊन येते. बूथकडं बघा."

"आत्ता?" काकूंनी आत डोकावून बघितलं. "अगं, फोन चालू दिसतोय तो. कुणाचा हाय?"

"ऊन फार आहे काकू," मी म्हणाले आणि निघाले.

स्टँडवर जाऊन मी चहा घेतला. मला चहा आवडत नाही, तरी आणखी एक घेतला. कपबशी परत देऊन झाली, तरी तिथंच उभी राहिले आणि लातूरची गाडी सुटेपर्यंत ती बघत राहिले. मी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. शब्द दिला होता तसाच होता.

परत आले तेव्हा रिसीव्हर जागेवर होता. काकू आतल्या माझ्या खुर्चीत बसल्या होत्या. डोळे लाल झाले होते, पदराचं टोक ओलं होतं. माझ्या टेबलाची धूळ त्याच पदरानं पुसत होत्या.

चार वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. "कुणाचा फोन होता काकू?"

पुतळाकाकूंनी मान वर केली नाही. टेबलाचा कोपरा पुसला, मग दुसरा कोपरा पुसला.

"ऊन फार हाय गं," म्हणाल्या.